मावशीच्या कडेवरून आईच्या कडेवर



मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत आम्हीही चार शब्द बोलावेत, असा निरोप चिटणीसांनी आणला, तेव्हा त्यांची अपेक्षा होती की आम्ही बदल्यांच्या गमती सांगू. केंद्र सरकारच्या हिशेबतपासणी खात्यात जन्म गेला. पाच राज्यांचे पाणी पिऊन झाले. तेव्हा गमतींना तोटा नाही. परंतु आज आम्ही वेगळाच विषय निवडला आहे. त्याला कारण आहे. २०२३ सालच्या हिवाळ्यात या सभागृहातील कित्येक भगिनी आमच्यावर रुसल्या होत्या. एका लहान मुलीला पाहण्यासाठी त्या प्रेमाने आमच्या घरी येऊ इच्छीत होत्या, आणि आम्ही त्यांना दारातूनच, किंबहुना दूरध्वनीवरूनच, परत पाठवले होते. त्याचा खुलासा तेव्हा करता आला नाही. तो आज करावा, असे मनात आहे.

‘दत्तक’ हा शब्द उच्चारला की आपल्या मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे काय येते? गादी, वारस, दौलत! १८५३ साली झाशीच्या गंगाधररावांनी मृत्युशय्येवर मुलगा मांडीवर घेतला, तो संस्थान राहावे म्हणून. आणि पुढच्याच वर्षी इंग्रजांनी ते खालसा केले. १८७५ साली नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचा बारा वर्षांचा गोपाळ महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेतला आणि त्याचे सयाजीराव गायकवाड झाले. तो पुढे किती थोर राजा झाला, हे आम्हांस शाळेत शिकवले. पण बडोद्याच्या त्या मोठ्या वाड्यात पहिल्या रात्री त्या पोराला झोप लागली का, हे काही कोणी शिकवले नाही. दुसरी एक परंपराही आपल्याकडे आहे, ती आपण कमी आठवतो. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि पुढे १८७४ साली काशीबाई नावाच्या एका विधवेचे मूल आपलेसे केले. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला. तेथे गादी नव्हती, दौलतही नव्हती. मूल होते आणि त्याला आईबाप हवे होते.

मुलगी दत्तक घेता येईल, असे हिंदूंच्या कायद्यात स्पष्टपणे आले ते १९५६ साली. परदेशी जाणाऱ्या मुलांच्या बाबतीत तर बराच काळ धड नियमच नव्हते. लक्ष्मीकांत पांडे नावाच्या एका वकिलांनी १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले, की या मुलांचे पुढे काय होते हे पाहणारे कोणी नाही. न्यायालयाने त्या पत्रालाच अर्ज मानले, आणि न्यायमूर्ती भगवती यांनी १९८४ साली दिलेल्या निकालातून आजच्या पद्धतीचा पाया घातला गेला. १९९० साली केंद्रीय दत्तक प्राधिकरण स्थापन झाले. १९९३ च्या हेग करारावर भारताने २००३ साली शिक्कामोर्तब केले. आम्ही कागदांत आयुष्य घालवलेली माणसे, त्यामुळे या कागदांविषयी आम्हांस आदर आहे. त्यांतील प्रत्येक सही कोणत्या तरी मुलाच्या रक्षणासाठी आहे. परंतु आमच्या घरी जे घडले, ते कोणत्याही रकान्यात भरता येण्याजोगे नव्हते.

आमची एक भाची. तिचे यजमान मूळचे नागपूरचे. दोघे बरीच वर्षे अमेरिकेत आहेत. लग्नाला अकरा वर्षे झाली तरी मूल नव्हते, आणि शेवटी त्यांनी भारतातील मूल दत्तक घेण्याचे ठरवले. तिकडच्या संस्थेने त्यांच्या घराची, उत्पन्नाची, प्रकृतीची, स्वभावाचीसुद्धा तपासणी केली. मग दीर्घ प्रतीक्षा. आणि एके दिवशी एका मुलीचे छायाचित्र, तिचा वैद्यकीय अहवाल आणि तिच्याविषयीची माहिती त्यांच्याकडे आली. मुलगी होती नेमकी आमच्याच शहराजवळच्या एका शिशुगृहातली! मुलीचे वय सव्वादोन वर्षे. तिचे नाव आम्ही सांगणार नाही. अशा मुलांची ओळख उघड करणे कायद्यालाही मान्य नाही. आपण तिला नुसते ‘छकुली’ म्हणू.

प्राधिकरणाचे ना हरकत पत्र मिळाले आणि दोघे येथे आली. अंतिम आदेश व्हायचा होता. पूर्वी तो न्यायालय देत असे. २०२२ च्या सप्टेंबरापासून हा अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे आला आहे आणि दोन महिन्यांत निकाल द्यावा अशी तरतूद आहे. त्या मधल्या काळात ठरावीक वेळी शिशुगृहात जाऊन मुलीला भेटण्याची परवानगी होती. पुढे संस्थेची खात्री पटली म्हणजे आदेशापूर्वीच मूल तात्पुरते पालकांकडे सोपवता येते. रोज सकाळी दहा ते बारा, असे ठरले. आम्ही उभयता दुभाषे म्हणून बरोबर जात होतो, कारण छकुलीला बंगाली येत होते आणि भाचीला ते येत नव्हते.

पहिल्या दिवसाची गोष्ट ऐका. आम्ही न्यू मार्केटातून एक मोठी बाहुली नेली होती; डोळे उघडमीट करणारी, कळ दाबली की बोलणारी. महागाची होती. आमच्या मनातले चित्र असे, की मुलगी बाहुलीकडे धावेल, बाहुली देणारीच्या गळ्यात पडेल आणि सगळ्यांचे डोळे पाणावतील. घडले ते असे. डोक्यावर लोकरीची माकडटोपी (कलकत्त्याच्या थंडीत तिच्यावाचून मूल दिसायचे नाही!), अंगात दोन स्वेटर, अशी ती छोटीशी मूर्ती एका प्रौढ बाईच्या कडेवर बसून बाहेर आली. बाहुली बोलली मात्र, तिने किंकाळी फोडली आणि ‘माशी, माशी’ म्हणत त्या बाईच्या खांद्यात तोंड खुपसले. आमच्या सौभाग्यवतींना या शहरात येऊन तेव्हा चारच महिने झाले होते. त्या माशी कोठे दिसते का, हे पाहू लागल्या! बंगालीत ‘माशी’ म्हणजे आपली मावशी, हे त्यांना तेथे समजले. शिशुगृहात सांभाळ करणाऱ्या साऱ्या बायांना मुले माशी म्हणतात, जसे आपल्याकडे इस्पितळातल्या बायांना मावशी म्हणतात तसेच.

भाचीचा चेहरा उतरला. तीन वर्षे जिची वाट पाहिली, ती मुलगी तिच्याकडे बघायलाही तयार नव्हती. परतताना गाडीत कोणी बोलले नाही. जावई तेवढे म्हणाले, “मामा, आपण तिला आवडलो नाही.” आम्ही मामेपणाच्या अधिकाराने दोन दिलाशाची वाक्ये टाकली, ती निरर्थक होती, हे आम्हांसही ठाऊक होते.

दुसऱ्या दिवशी शिशुगृहातल्या समाजसेविकेने आम्हां चौघांना बसवून घेतले. ती म्हणाली, की काल जे झाले ते उत्तम झाले. आम्ही चकित झालो. तिचे म्हणणे असे, की जी मुले येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या मांडीवर चढतात, अनोळखी माणसाचा हात धरून निघतात, त्यांचीच तिला अधिक काळजी वाटते. त्यांना आपले असे एक माणूस कधी मिळालेलेच नसते. ही मुलगी परक्याला पाहून आपल्या माशीला बिलगली, म्हणजे बिलगणे तिला ठाऊक आहे. ज्याला एकदा बिलगता आले, त्याला पुन्हा बिलगता येते.

आमची पदवी बी. ए. ची, मानसशास्त्राशी आमचा संबंध नाही. पण समाजसेविकेचे बोलणे मनात राहिले म्हणून एका परिचित डॉक्टरीणबाईंकडून काही पुस्तके आणून वाचली. जॉन बोल्बी या इंग्रज डॉक्टरांनी १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी एक अहवाल लिहिला आणि लहान मुलाला अन्नाइतकीच एका स्थिर मायेच्या माणसाची गरज असते, हे जगापुढे मांडले. त्यांचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ साली एक चित्रपट दाखवला. इस्पितळात आठ दिवस राहिलेल्या एका दोन वर्षांच्या मुलीचा. आईपासून दुरावलेले मूल आधी रडून आकांत करते; मग खिन्न होते; आणि पुढे अगदी शहाण्यासारखे वागू लागते. परिचारिका म्हणतात, रुळले हो बाळ! वास्तविक ते रुळलेले नसते. त्याने आशा सोडलेली असते. हे वाचले तेव्हा आमच्या पोटात गोळा आला. आपल्या बदल्यांच्या नोकरीत आम्हीही मुलांना कित्येकदा ‘शहाणा ग माझा बाळ’ म्हणून शाबासकी दिली आहे.

तर पद्धत अशी ठरली. बाहुली बंद. रोज तीच वेळ, तीच खोली, तीच सतरंजी. भाचीने रोज तोच निळा दुपट्टा घ्यावयाचा. मुलीला उचलावयाचे नाही, हाका मारून बोलवावयाचे नाही. नुसते जमिनीवर माशीशेजारी बसावयाचे. माशीच भाचीशी हसून बोलेल, तिच्या हातचे खाईल, म्हणजे ‘ही बाई आपली आहे’ एवढे मुलीला कळेल. माशी काही शिकलेली बाई नव्हती. पण हे सारे तिला समजावून सांगावे लागले नाही.

तिसऱ्या दिवशी माशीने मुडी, म्हणजे आपले कुरमुरे, भाचीच्या ओंजळीत ओतले आणि आपण त्यातले खाऊ लागली. छकुली बघत राहिली. चौथ्या दिवशी तिने एक कुरमुरा उचलला, चटक्यासारखा, आणि पळाली. पाचव्या दिवशी दोन. हा हिशेब जावई एका वहीत लिहून ठेवत होते. आम्हां हिशेबनिसांच्या वरताण! जावयांची गोष्ट आणखी निराळी. त्या घरात पुरुष फारसे नव्हतेच. त्यांची दाढी पाहून ती कपाटाआड जाई. त्यांनी दाढी काढली नाही. ते कपाटाच्या अलीकडे पाठ करून बसू लागले आणि मागे हात करून चेंडू सोडू लागले. दोन दिवस चेंडू परत आला नाही. तिसऱ्या दिवशी आला.

भाचीने माशीकडून शब्द शिकून घेतले. पाण्याला जॉल, झोपेला घूम, कडेवर घे म्हणायला कोले नाओ. दूध आणि भात हे दोन शब्द मात्र शिकावे लागले नाहीत. ते दोन्ही भाषांत एकच. तेवढे ऐकून सौभाग्यवती म्हणाल्या, “चला, पोरगी उपाशी तरी राहायची नाही!”

आणि येथे आमची चूक सांगितली पाहिजे. भाची सबुरीने बसत असता छकुलीचा ओढा दुसरीकडेच जाऊ लागला होता, आमच्या सौभाग्यवतींकडे. नेसायला सुती साडी, केसांना तेल, हातांत बांगड्या, बोलण्याची ती थोराड लय. माशीशी त्यांचे साम्य होते. शिवाय तीन नातवंडे वाढवलेले हात! सहाव्या दिवशी मुलगी आपण होऊन त्यांच्या मांडीवर येऊन बसली. आम्हांस विलक्षण आनंद झाला. आम्ही छायाचित्रेही काढली. सातव्या दिवशी सौभाग्यवतींनी तिला भरवले. भाची तेव्हा शेजारी बसून हसत होती. त्या रात्री स्वयंपाकघरात ती मामीला म्हणाली, “मामी, तिला तुम्हीच आवडता. कदाचित तिला घेऊन जाणे हाच अन्याय असेल.” आणि ती रडू लागली.

सौभाग्यवती रात्रभर जाग्या होत्या. सकाळी त्यांनी सांगितले, आजपासून मी येणार नाही. तुम्हीही येऊ नका. दुभाषी आता नको. दहा शब्द तिला येतात, तेवढे पुरेत. आम्ही म्हटले, अहो, ती मुलगी तुमची वाट पाहील. त्या म्हणाल्या, “म्हणूनच.” आजीची हौस त्यांनी तेथेच आवरली. आम्ही मात्र तीन दिवस गाडीत, शिशुगृहाच्या फाटकाबाहेर बसून होतो, एवढे कबूल करतो. पुरुषाला माया आवरणे कठीण जाते. बायकांना त्याची सवय असते, असे आम्हांस वाटते. यावर मतभेद असू शकेल.

आठव्या दिवसापासून आत काय झाले, ते भाचीच्या तोंडूनच ऐकलेले. छकुलीला झोपताना माशीच्या कानाची पाळी बोटांत धरण्याची सवय होती. त्यावाचून तिचा डोळा लागत नसे. समाजसेविकेने भेटीची वेळ वाढवून दुपारच्या झोपेपर्यंत नेली. आधी माशी निजवी आणि भाची पायांशी बसे. मग दोघी दोन बाजूंना. तो निळा दुपट्टा भाचीने रात्री मुलीच्या उशाशी ठेवण्यासाठी तेथेच सोडला होता; वास ओळखीचा व्हावा म्हणून. तो धुवावयाचा नाही, अशी सक्त ताकीद! अकराव्या दिवशी दुपारी माशी नेहमीप्रमाणे तिला थोपटू लागली. मुलगी या कुशीची त्या कुशीवर झाली, आणि अर्धवट झोपेत तिचा हात भाचीच्या केसांतून चाचपडत कानापर्यंत गेला. भाचीच्या कानात डूल होते. ते तिला नको होते. तिने कुरकुर केली. भाचीने हळूच डूल काढला. फाटकाबाहेर येऊन तिने आम्हांस तो डूल दाखवला. बोलली काहीच नाही. आजपर्यंत तिने डूल पुन्हा घातलेले नाहीत.

पंधराव्या दिवशी मूल तिच्याकडे सोपवण्यात आले. येथे आम्हांस अपेक्षित होते, की माशी गुपचूप बाजूला होईल. मुलीला कळणारही नाही. रडारड टळेल, हा आपला नेहमीचा शहाणपणा. समाजसेविकेने त्याला साफ नकार दिला. माशीने स्वतः मुलीचे कपडे केले, केस विंचरले, सर्वांदेखत तिला भाचीच्या कडेवर दिले आणि बंगालीत सांगितले, की ही तुझी मा. मी येथेच आहे. तू मासोबत जा. मूल रडले. फार रडले. माशी पळून गेली नाही. गाडी वळेपर्यंत ती फाटकात उभी होती, हात हलवीत.

त्यानंतरचे पाच आठवडे भाची आमच्या निवासस्थानी होती. जावयांची रजा संपली म्हणून ते परत गेले आणि नेण्याच्या वेळी पुन्हा आले. याच काळात आपण सर्वांनी औक्षणासाठी, खण-नारळ घेऊन, झबली-टोपडी घेऊन येण्याचे ठरवले होते. आम्ही नाही म्हणालो. सांगितले असते तर विचित्र वाटले असते, की या घरात या मुलीला तिच्या आईखेरीज कोणी उचलावयाचे नाही, कोणी भरवावयाचे नाही, पडली तरी दुसऱ्याने जवळ घ्यावयाचे नाही. खुद्द आम्हांसही मनाई होती! सव्वादोन वर्षांत तिने इतके हात पाहिले होते, की आता काही काळ एकाच जोडीचे हात तिला ओळखू द्यावयाचे होते. रात्री दोन-दोन तास ती ‘माशी’ म्हणून आक्रंदन करी. भाची तिला गप्प करीत नसे. “हो, माशी. माशीची आठवण येते,” एवढेच मोडक्या बंगालीत म्हणत कडेवर घेऊन फिरत असे. आम्ही उभयता शेजारच्या खोलीत, दार लावून, अंधारात बसलेले. शेजारच्या चॅटर्जीबाबूंनी दोनदा चौकशी केली. असे दिवस गेले. भगिनींनो, आपण आणलेली झबली आम्ही परत पाठवली नसती तर बरे झाले असते. तेवढ्याबद्दल मात्र मनापासून क्षमा मागतो.

आदेश झाला, पारपत्र आले, व्हिसा झाला. निघण्याच्या आधी भाची मुलीला घेऊन शिशुगृहात पुन्हा एकदा गेली. जाऊ नये, मुलगी परत मागे फिरेल, असे आमचे मत होते. ते चुकीचे ठरले. छकुली माशीकडे धावली, तिच्या कडेवर बसली, कुरमुरे खाल्ले आणि दहा-पंधरा मिनिटांनी भाचीकडे हात पसरून म्हणाली, “मा, कोले नाओ.” माशीने पदर डोळ्यांना लावला. तिघींचे एक छायाचित्र काढले, ते आता अमेरिकेत मुलीच्या पलंगाशेजारी आहे. मोठेपणी मुलीने विचारले तर दाखवण्यासाठी भाचीने एक वही केली आहे: शिशुगृहाचे फाटक, सतरंजी, कपाट, माशी, कुरमुऱ्यांचा तो हिशेबही.

परदेशी गेलेल्या मुलांचे अहवाल पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी इकडे पाठवावे लागतात. ते सारे वेळेवर आले. वजन, उंची, लसी, बोलते किती, खाते काय, सर्व तपशील त्यांत होता. ती मराठी बोलते, इंग्रजी बोलते. बंगाली जवळजवळ विसरली. गेल्या पौषात आम्ही नवा गूळ घालून केलेले संदेश घेऊन शिशुगृहात गेलो होतो. माशी भेटली. तिच्या कडेवर दुसरे मूल होते. आम्ही तिला अहवालातले सगळे सांगितले. शाळा, बर्फ, सायकल. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि एकच विचारले: “झोपताना कान धरते का?”

आम्ही म्हटले, “धरते.”